दहावी घरून: एनआयओएसच्या पुस्तकांविषयी

मुलीला 14 वर्षे पूर्ण झाल्यावर आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजेच एनआयओएसचा, माध्यमिक अभ्यासक्रम निवडला. भाषेसह 5 विषय पुरेसे असतात आणि पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात. आम्ही ती नागपूरच्या सीताबर्डीत छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतली. प्रत्येक धड्यात मध्येमध्ये पाठगत प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे असल्यामुळे, मुलगी पानांवर पट्टी ठेवून उत्तरे झाकते आणि स्वतःच तपासते, ही या पुस्तकांची सर्वांत मोठी जमेची बाजू होय. विज्ञानाला जोड म्हणून गांधीसागराजवळचे रमण विज्ञान केंद्र उत्तम. एनआयओएस निवडण्याआधी एका ऑनलाइन वर्गाने वर्षाची फी एकरकमी घेऊन केवळ ध्वनिचित्रफिती पाठवल्या होत्या. त्यांपैकी निम्म्या तर तिने पाहिल्याच नाहीत.