काचेचं झाकण की लाकडाचं? ऑफिससाठी ह्युमिडॉर निवडताना

ऑफिसात ठेवायचा म्हटलं की ह्युमिडॉर, म्हणजे सिगार योग्य ओलाव्यात ठेवणारी पेटी, दिसायला देखणा हवा, यात वाद नाही. घरी कोपऱ्यातल्या कपाटात काहीही चालतं, पण केबिनमध्ये येणाऱ्याची नजर पहिल्यांदा त्या पेटीवर जाते. साधारण ५० सिगारच्या मापात शोधायला लागलात की शेवटी हातात दोनच गोष्टी उरतात. एक, अक्रोडाच्या किंवा मेपलच्या चौकटीत काच बसवलेलं झाकण. दुसरी, वरून खालपर्यंत बंद, लॅकर मारलेली, शिसवी किंवा महोगनी रंगाची पेटी. दोन्ही मुंबईतल्या वातानुकूलित केबिनमध्ये वापरून झाल्या आहेत. सध्या टेबलामागच्या फळीवर दुसरी आहे.

काचेच्या बाजूने जे बोललं जातं ते खोटं नाही. आत काय आहे ते झाकण न उघडता दिसतं, आर्द्रतामापकही बाहेरूनच वाचता येतो. बंद पेटी आपण उगाचच दिवसातून चारदा उघडतो आणि दर वेळी आतली हवा बाहेर सोडतो. दिसण्यातही काच दोन पावलं पुढेच.

अडचण आहे ती काच आणि चौकट जिथे भेटतात त्या रेषेत. काच खाचेत बसवून आतून बारीक लाकडी पट्टी ठोकलेली असते. नवीन असताना सगळं घट्ट असतं. पण ऑफिसातली हवा स्थिर नसते: दिवसा एसीमुळे कोरडी, रात्री एसी बंद, आणि शनिवार-रविवार तर खोली बाहेरच्या हवेच्याच हवाली. लाकूड फुगतं, आकसतं. काच तशीच राहते. दोन-तीन महिन्यांत पट्टी आणि काच यांच्यात केसाएवढी फट पडते. चौकटीचे ४५ अंशात जोडलेले कोपरेही किंचित उघडतात. डोळ्याला दिसत नाही, पण आर्द्रतामापकाला कळतं. शुक्रवारी संध्याकाळी ६८ टक्क्यांवर असलेला काटा जानेवारीत सोमवारी सकाळी ६१ वर, आणि जुलैत त्याच वेळी ७४ वर. गळती दोन्ही बाजूंनी चालते हे लोक विसरतात. पावसाळ्यात पेटी बाहेरचं पाणी पिते. मग सिगारच्या पायथ्याशी, कापलेल्या टोकाला, पांढरट-हिरवी लव दिसू लागते. ती बुरशी. तिला दुसरं सुंदर नाव देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

याच एका कारणाने निर्णय झाला. ६० ग्रॅमचं द्विमार्गी आर्द्रतेचं पाकीट (हवा कोरडी झाली की ओलावा सोडणारं, दमट झाली की शोषणारं) काचेच्या पेटीत पाच-सहा आठवड्यांत कडक होऊन पापडासारखं वाजायचं. बंद पेटीत तीच पाकिटं सहज तीन महिने मऊ राहतात. तुमच्या ऑफिसात एसी चोवीस तास चालू असेल तर फरक एवढा टोकाचा नसेलही.

दुसरं कारण कमी बोललं जातं. आतलं स्पॅनिश सिडारचं लाकूड हे नुसतं अस्तर नाही, ते पाण्याचा साठा आहे. हवा कोरडी झाली की सोडतं, दमट झाली की ओढतं. तळ आणि झाकणाची आतली बाजू हे त्याचे दोन सर्वांत मोठे पृष्ठभाग. झाकणाला काच लावली की त्यातला एक गेला.

स्पॅनिश सिडारबद्दल आपल्याकडे एक घोळ होतो. ते ना स्पेनचं, ना खरं सिडार. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं, महोगनीच्या कुळातलं झाड, आणि आपल्या तुनाचं जवळचं नातलग. सुताराला नुसतं ‘सिडार’ सांगितलं तर तो देवदार लावून देण्याची शक्यता असते. देवदार हे खरं सिडार, पण त्याच्या तेलाचा वास इतका उग्र की महिन्याभरात सगळ्या सिगार एकाच चवीच्या होतात. सागाचं अस्तरही नको, तेही तेलकट. बाहेरचा सांगाडा मात्र अखंड लाकडाचाच हवा असा हट्ट धरू नका. एमडीएफवर चांगलं व्हेनिअर चढवलेली पेटी मुंबईच्या हवेत अखंड लाकडापेक्षा कमी वाकते.

दुकानात पाहताना या चाचण्या पुरेशा आहेत. झाकण दोन बोटं उचलून सोडा. चांगली पेटी आपटत नाही. शेवटच्या अर्ध्या इंचावर आतली हवा तिला अडवते आणि ‘हुश्श’ करत बसवते. मग दहाची नोट चारही बाजूंना झाकणात धरून ओढा, बिजागरीच्या बाजूलासुद्धा. कुठेही अलगद निसटली तर पेटी ठेवून द्या. मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा, झाकण लावा, दिवे मालवा आणि कुठून उजेड झिरपतोय का पाहा. काचेच्या पेटीवर आधी जाड काळा कागद पसरा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. कुलपाचं भोक आतपर्यंत आरपार गेलंय का तेही याच वेळी दिसतं. ऑफिसात कुलूप हवंच (का ते सांगायला नको), पण आरपार भोक म्हणजे कायमची खिडकी. समोरच्या बाजूला भोक पाडून बसवलेल्या गोल पितळी आर्द्रतामापकालाही हेच लागू. तो शोभेचा समजा. दहा अंकांनी चुकणं त्याला काहीच वाटत नाही. आत छोटा डिजिटल ठेवा, आणि त्याचीही आधी परीक्षा घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर ओल्या वाळूइतपत होईल एवढेच पाण्याचे थेंब, दोन्ही झिपच्या पिशवीत बंद करून २४ तास. ७५ दाखवायला हवं. ७१ दाखवलं तर कायम ४ मिळवून वाचा.

५० सिगारचा आकडा बारीक सिगार धरून काढलेला असतो. आखूड पण जाड रोबुस्टो ३५च्या आसपास बसतील, आणि सात इंची चर्चिल आणणार असाल तर आतली लांबी आधी मोजून घ्या. पाकिटं मात्र पेटीच्या क्षमतेवर: दर २५ला ६० ग्रॅमचं एक. लाकडी पेटीला सहसा ६९ टक्क्यांची सुचवतात; मुंबईत जून ते सप्टेंबर ६५ची जास्त बरी पडतात. पेटी आणल्यावर लगेच सिगार भरू नका. कोरडं लाकूड आधी ओलावा पिऊ द्या: ८४ टक्क्यांची पाकिटं आत टाकून १४ दिवस झाकण लावून ठेवा. ओल्या फडक्याने लाकूड पुसायचा जुना सल्ला टाळलेला बरा, पातळ फळी वाकली की झाकण पुन्हा कधी नीट बसत नाही.

उष्णतेपुढे दोन्ही पेट्या सारख्याच हतबल. एप्रिल-मेमध्ये सुटीच्या दिवशी बंद केबिन तिशीच्या वर जाते, आणि तंबाखूतल्या भुंग्याची अंडी साधारण २४-२५ अंशांच्या वर उबू लागतात. म्हणून नवीन सिगार दुहेरी पिशवीत घालून आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये उणे १८ वर, परत एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मगच पेटीत. पेटी एसीच्या झोतात किंवा पश्चिमेच्या खिडकीशी नको. काचेवर ऊन पडलं की सिगारचं बाहेरचं पान फिकटतं, त्यामुळे तिला तर जागा आणखीच जपून शोधावी लागते. आणि सिगार ओढायला बाहेरच जायचं. २ ऑक्टोबर २००८ पासून कामाची जागाही धूम्रपानबंदीत आहे.

तरीही काचेवरच जीव जडला असेल, किंवा भेट म्हणून ती आधीच आली असेल, तर ती फट बुजवता येते. आतली पट्टी काढायची नाही. काच आणि पट्टी यांच्या जोडावर कागदी टेप दोन्ही बाजूंनी लावा, मधल्या रेषेत मत्स्यपेटीचं पारदर्शक सिलिकॉन बारीक धारेने भरा, ओल्या बोटाने एकदाच सारखं करा आणि सुकण्याआधी टेप ओढून काढा. त्यानंतर झाकण उघडं ठेवा. आठवडा लागला तरी चालेल, पण व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याशिवाय एकही सिगार आत ठेवू नका.