मानवी उत्क्रांतीचा शैक्षणिक संच: पेटी घ्यावी, तक्ता गुंडाळून ठेवावा

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणात मानवी उत्क्रांतीच्या वाट्याला फार थोडी जागा आली आहे, आणि तेवढ्यात रामापिथेकसपासून क्रोमॅग्नॉनपर्यंतची नावे पाठ करून मुले पुढच्या प्रकरणाकडे वळतात. हे टाळावे म्हणून आमच्या जुन्नर तालुक्यातील शाळेने गेल्या वर्षी एका विक्रेत्याकडून साडेअकरा हजार रुपयांना कृतिसंच मागवला. निम्म्या आकाराच्या सहा कवट्या, काळाची सात मीटर लांब दोरी, पावलांच्या ठशांचा साचा, प्लास्टिकच्या चार हातकुऱ्हाडी, मानवशास्त्राची चोवीस कार्डे, एक मोठा भिंतीवरचा तक्ता आणि शिक्षक-पुस्तिका एवढा ऐवज पेटीत आहे. दोन तुकड्यांवर वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

संचाचे खरे मोल कवट्यांत आहे. चिंपांझी, ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिस, पॅरान्थ्रोपस बॉइसी, होमो इरेक्टस, निअँडरथल आणि आजचा माणूस अशा सहा कवट्या नावांच्या चिठ्ठ्या काढून टाकून मी सहा गटांना दिल्या आणि कवटी उलटी करून मज्जारज्जू जाण्याचे भोक नेमके कुठे आहे एवढेच पाहायला सांगितले. चिंपांझीत ते मागे सरकलेले दिसते, तर अफारेन्सिसमध्ये बरेच पुढे, कवटीच्या तळाशी येते. मेंदू जेमतेम चिंपांझीएवढा असूनही हा प्राणी दोन पायांवर ताठ चालत होता, हे मुलांनी पुस्तक न उघडता ओळखले. रेमंड डार्ट यांनी 1924 साली दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथे सापडलेल्या बालकाच्या कवटीवरून हाच तर्क केला होता आणि तो मान्य व्हायला काही दशके जावी लागली, हे त्यानंतर सांगितले की त्याला वजन येते.

पुढची कृती कवट्या क्रमाने मांडण्याची. सर्व गटांनी बॉइसीला, म्हणजे डोक्यावर हाडाची उभी कड आणि अजस्र दाढा असलेल्या कवटीला, चिंपांझीशेजारी बसवले. मग कालखंडाच्या पट्ट्या दिल्यावर बॉइसी आणि इरेक्टस पूर्व आफ्रिकेत एकाच काळात वावरत होते हे उघड झाले आणि एकाच रांगेत मांडायचे कसे, यावर वर्गात चांगलाच वाद झाला. शेवटी एका मुलीने बॉइसीची कवटी उचलून रांगेच्या बाजूला ठेवली. उत्क्रांतीला फांद्या असतात, त्यातील काही वाळून जातात, हे तिने बोलून नव्हे, हाताने दाखवले. दुर्दैवाने संचातील भिंतीवरचा तक्ता हे सारे पुसून टाकतो, कारण त्यावर वाकलेल्या वानरापासून ताठ माणसापर्यंत एकामागे एक चालणाऱ्या आकृत्यांचे तेच जुने चित्र आहे. रामापिथेकसला मात्र संचात जागा दिलेली नाही, आणि ते योग्यच आहे, कारण ते जीवाश्म शिवापिथेकसचे असून ओरांगउटानच्या शाखेजवळचे आहेत असे 1980च्या दशकापासून मानले जाते.

मेंदूचे आकारमान मोजण्याच्या कृतीत पुस्तिकेने शिक्षकाला चक्क तोंडघशी पाडले आहे. कवटीची वरची टोपी निघते, आत मोहरी भरायची आणि ती मोजपात्रात ओतायची, एवढी सूचना दिली आहे. आमच्या मुलांना माणसासाठी 150 आणि चिंपांझीसाठी 45 मिलिलिटर मिळाले, तर पुस्तिकेतील उत्तरे होती सुमारे 1350 आणि 400. लांबी निम्मी केली की आकारमान एक अष्टमांश होते, हे पुस्तिका लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेले नाही. आठाने गुणूनही आकडा थोडा कमी येतो, कारण लहान कवटीची भिंत प्रमाणापेक्षा जाड आहे. आम्ही तो तास घनफळाच्या गणितावर खर्च केला आणि तो वाया गेला नाही, पण पुस्तिकेवर विसंबणाऱ्या शिक्षकाची वर्गात पंचाईत होईल.

दोरी आणि पाऊलठसे या दोन्ही कृती बिनचूक आहेत. सात मीटर म्हणजे सत्तर लाख वर्षे, एक सेंटीमीटर म्हणजे दहा हजार. आपली जीवजात, होमो सेपियन्स, शेवटच्या तीस सेंटीमीटरमध्ये येते, आणि 1674चा शिवराज्याभिषेक शेवटच्या मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात. टांझानियातील लाएतोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेल्या सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वीच्या ठशांपैकी एक साधारण 18 सेंटीमीटरचा आहे. मुले आधी स्वतःच्या पावलाचे उंचीशी गुणोत्तर काढतात, ते 0.15च्या आसपास येते, आणि त्यावरून त्या ठशाच्या मालकाची उंची जवळपास चार फूट ठरते.

प्लास्टिकच्या हातकुऱ्हाडींविषयी काय लिहावे? हातात घेतल्यावर खेळण्याहून वेगळे काही वाटत नाही, आणि वजनच नसेल तर दगडाला धार काढणाऱ्याचे कसब कळणार कसे? आमच्याच तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे आणि प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी येथे खऱ्या अश्युलियन, म्हणजे पूर्व पुराश्मयुगातील, दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाची एक सहल या चार प्लास्टिकच्या तुकड्यांपेक्षा शतपटीने उपयोगी ठरेल.

माझा गंभीर आक्षेप मानवशास्त्राच्या कार्डांवर आहे. ‘गुहेपासून शहरापर्यंत’ या खेळात निअँडरथल आणि शेतकरी यांच्या मधोमध आजच्या आदिवासी पाड्याचे छायाचित्र असलेले कार्ड लावायचे आहे. माझ्या वर्गात ठाकर आणि महादेव कोळी समाजाची मुले बसतात. त्यांनी स्वतःच्या आजीचे घर निअँडरथलच्या शेजारी ठेवावे, अशी विक्रेत्याची अपेक्षा आहे काय? आज जिवंत असलेली सर्व माणसे एकाच जीवजातीची आहेत आणि त्यांच्यामागचा उत्क्रांतीचा काळ सारखाच लांब आहे, ही या विषयातील पहिली गोष्ट असताना हे कार्ड तीच नाकारते. ते बाजूला ठेवून मी इरावती कर्वे यांची हकीकत सांगितली. 1920च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशवादी मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधनासाठी गेल्या आणि कवट्यांची मोजमापे घेऊन, कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही, असा मार्गदर्शकाला नको असलेला निष्कर्ष त्यांनी मांडला. हातात कवटी आणि मोजपट्टी धरून बसलेल्या मुलांना ती हकीकत निराळी समजावून द्यावी लागली नाही.

बाकी किरकोळ बाबी: रंग टिकाऊ आहे, निअँडरथलचा जबडा मात्र दुसऱ्याच महिन्यात बिजागरीतून निखळला. पुस्तिकेचे मराठी भाषांतर इतके ओबडधोबड आहे की सूचना मला पुन्हा लिहून काढाव्या लागल्या. केवळ कवट्या, दोरी आणि साचा यांसाठी सहा-सात हजार रुपये मी आनंदाने देईन. शेजारच्या शाळेसाठी चौकशी करताना विक्रेत्याला तसे कळवले असून तक्ता, कार्डे आणि कुऱ्हाडी वगळून किंमत विचारली आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.