एका हाताने चालणारं बायबल: ऑडिओ ॲपबद्दल

माझ्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडलेली धमनी आणि शीर. डायलिसिस सुरू झालं की त्या हातात दोन सुया असतात आणि जवळपास चार तास तो हलवायचा नसतो. उरलेल्या एका हाताने जाडजूड बायबल सांभाळून पान उलटणं ही कसरतच. म्हणून फोनवर मराठी ऑडिओ बायबलचं ॲप घेतलं. त्याबद्दल लिहिते, कारण आमच्यासारख्या आडव्या पडलेल्या माणसांचे अभिप्राय सहसा कुठे दिसत नाहीत.

वाचणाऱ्या गृहस्थांचा आवाज अगदी सपाट आहे, आणि हे मी कौतुकाने म्हणते. पार्श्वसंगीत बंद करता येतं. पहिल्याच दिवशी करून टाका. व्हायोलिन लावून स्तोत्र वाचलं की आपल्याला रडवायचा घाट घातलाय असं वाटतं. चालू-बंदचं बटण मोठं आहे, अंगठ्याच्या आवाक्यात आहे. पंधरा सेकंद मागे जायची सोय मी सर्वांत जास्त वापरते, कारण मशीनचा अलार्म वाजला की वाक्य हुकतं. अध्याय आधी उतरवून ठेवता येतात, त्यामुळे नेटवर्कची काळजी नाही.

सलग ऐकण्याचा फायदा काय, ते योहानाच्या शुभवर्तमानात कळलं. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. मधल्या दिवसांत प्यालेलं पाणी मशीनलाच काढावं लागतं, आणि एकदम जास्त काढलं तर पायात गोळे येतात, बीपी उतरतं. तहान ही आमची रोजची सोबतीण. ओठ सुकलेले होते आणि कानात 19वा अध्याय चालू होता. वधस्तंभावरचा येशू म्हणतो, ‘मला तहान लागली आहे.’ वधस्तंभावरून त्याने काढलेल्या सात उद्गारांपैकी हा एक. उपदेशात याच्या वाट्याला नेहमी सगळ्यांत कमी मिनिटं येतात. प्रभूने माझी तहान भागवली नाही, पण ती त्याला ठाऊक आहे. त्या दिवशी उरलेला वेळ मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

आता तक्रार. ॲपमध्ये ‘भीती’, ‘आजारपण’, ‘निराशा’ अशा तयार याद्या आहेत. ‘आजारपण’ उघडलं तर यशया 53:5, स्तोत्र 103, याकोब 5:15. सगळी बरं होण्याची वचनं. वचनं खरीच आहेत, माझा त्यांच्यावर विश्वासही आहे. पण ज्याचा आजार जाणारा नाही त्याने काय ऐकायचं? प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचा कायमचा त्रास, या यादीत नाही. त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, उत्तर मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय 12. आजारपणाच्या यादीत हे नसेल तर ती यादी कोणासाठी केली?

‘निराशा’मध्ये स्तोत्र 88 नाही. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, शेवटच्या ओळीतही अंधारच आहे. तरी ते देवालाच उद्देशून आहे आणि बायबलमध्ये ठेवलेलं आहे. वाईट दिवशी मला तेच लागतं, तेव्हा 150 स्तोत्रांच्या यादीत खाली खाली सरकत जावं लागतं.

रोज सकाळी येणाऱ्या वचनाचंही तसंच. यिर्मया 29:11 डोंगरावरच्या सूर्योदयाच्या चित्रासकट येतं, देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत म्हणून. त्याच्या आधीचं, दहावं वचन येत नाही, त्यात बाबेलातल्या बंदिवानांना 70 वर्षं सांगितली आहेत. मला ती 70 वर्षंच धीर देतात. लांबणारं दुःख देवाच्या हिशेबात आहे, एवढं त्यातून कळतं. फिलिप्पै 4:13, म्हणजे ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो’, हे वचन व्यायाम करणाऱ्या तरुणाच्या फोटोवर छापलं होतं. ते पत्र कैदेतून लिहिलेलं आहे, आणि आधीच्याच वचनात उपाशी राहायलाही शिकलो असं पौल म्हणतो! मी ही सूचना बंद करून टाकली.

या याद्या बनवणारे आणि भेटायला येऊन ‘विश्वास कमी पडतोय तुझा’ म्हणणारे मला एकाच जातकुळीचे वाटतात. सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री गप्प बसून होते तोवर ठीक होते. बोलायला लागले आणि शेवटी, 42व्या अध्यायात, देवाचा राग ओढवून घेतला. ईयोबाचं पुस्तक मात्र अख्खं ऐका, तुकड्यांत नको. कोण बोलतंय हे ॲप सांगत नाही, त्यामुळे मित्रांची वाक्यंही देववचनासारखी वाटू लागतात. नवख्या माणसाची इथे फसगत होईल.

आवाजाला आणि बटणांना पाचपैकी पाच, याद्यांना दोन. ज्यांचा एक हात अडकलेला असतो, ज्यांची नजर गेली आहे किंवा ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी जरूर घ्यावं. आपोआप बंद व्हायचा टायमर आहे, तो अर्ध्या तासावर लावा, आणि सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. 16च अध्याय आहेत.