एआर हेडसेट: काही महिने वापरल्यावर काय पटलं, काय खुपलं

एआर हेडसेट म्हणजे खऱ्या खोलीवर आभासी वस्तू दाखवणारा, डोळ्यांवर चढवायचा जाड चष्मा. त्याच्या चित्राच्या दर्जाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून ते आधी उरकतो. दोन भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळवा (मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिमीच्या आसपास), म्हणजे अक्षरं फुटत नाहीत. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा आणि हेडसेट उन्हात ठेवू नका. भिंगांतून एकवटलेलं ऊन आतला डिस्प्ले जाळतं.

खरी गोम परवानग्यांत आहे. नवं अ‍ॅप उघडताच डोळ्यांपुढे चौकट येते: स्पेशियल डेटा (खोलीच्या रचनेची माहिती) द्यायचा का? हात हवेत धरून बारीक मजकूर वाचायचा कंटाळा येतो आणि 'हो' दाबलं जातं. एवढ्यावर अ‍ॅपला खोलीचा सांगाडा मिळतो: भिंती, दारं, टेबल, पलंग, सगळं मापांसकट. नाकारलं तर? आभासी चेंडू खऱ्या टेबलाआड जात नाही, त्याच्यावरच चिकटवल्यासारखा दिसतो. खेळात हे खटकतं, पण हवेत मोठा पडदा टांगून सिनेमा बघायला ही परवानगी लागायचं कारणच नाही. तिथे मागितली तर सरळ नाकारा. कॅमेऱ्याची परवानगी याहून जड: त्यात सांगाडा नाही, समोरचं चित्रच जातं, टेबलावर पडलेल्या बँकेच्या पत्रासकट.

पासवर्ड हवेतल्या कीबोर्डवर टाकणं ही सगळ्यात वाईट सोय. बोटांची हालचाल शेजारी बसलेल्याला दिसते, आणि कास्टिंग (हेडसेटमधलं दृश्य टीव्ही-फोनवर दाखवणं) चालू असेल तर कुठली कळ दाबली तेही. नजरेने टाइप करणंही निर्धोक नाही: २०२४ मध्ये संशोधकांनी अ‍ॅपलच्या व्हिजन प्रो हेडसेटवर दाखवून दिलं, की व्हिडिओ कॉलमधल्या आभासी चेहऱ्याचे डोळे पाहून टाइप केलेला मजकूर ओळखता येतो. अ‍ॅपलने हेडसेटच्या व्हिजनओएस १.३ या सिस्टिममध्ये ती फट बुजवली. आता कीबोर्ड उघडा असताना तो चेहरा थांबतो. शक्य असेल तिथे फोनवरून कोड टाकून लॉगिन करा. सुरक्षित तर आहेच, शिवाय निम्म्या वेळात होतं.

ट्रॅकिंग, म्हणजे हेडसेटचं स्वतःची जागा ओळखणं, मंद उजेडात, कोऱ्या भिंतीसमोर आणि आरशापाशी गडबडतं, कारण कॅमेऱ्यांना पकडायला ठळक खुणा लागतात. वावरायच्या जागेभोवती हेडसेट दाखवतो ती हद्दीची रेघ सरकली की आधी दिवा लावा, मग खोली पुन्हा स्कॅन करा. जुना स्कॅन सेटिंग्जमधून पुसायचा, तो आपोआप जात नाही.

पाहुण्याच्या हाती देताना गेस्ट मोड (पाहुण्यापुरता वेगळा वापर) लावाच. नाहीतर ब्राउझरमधली तुमची खाती उघडीच असतात.