वायरचा गुंता की ब्लूटूथचा घोळ? इअरफोन घेण्याआधी एवढं ठरवा

इअरफोन घ्यायला निघालेला माणूस बास कसा आहे विचारतो, रंग विचारतो, चार्जिंगच्या डबीवर किती तास निघतात ते विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: रोजची कुठली कटकट तुम्हाला झेपेल? आवाज आता दोन्ही प्रकारांत बरा मिळतो. डोकं फिरवतात त्या बारीकसारीक गोष्टी, आणि वायरवाल्याच्या कटकटी आणि ब्लूटूथवाल्याच्या कटकटी यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

वायरवाल्याची सगळ्यात बदनाम कटकट म्हणजे गुंता. नीट घडी करून खिशात टाकलेली वायर दहा पावलं चालून बाहेर काढली, तर कुणीतरी बसून गाठी मारल्यासारखी निघते. फोन वाजतोय, समोरचा खोळंबलाय आणि आपण एक टोक कुठल्या वेटोळ्यातून मागे काढायचं ते शोधतोय. यात तुमचा वेंधळेपणा नाही, हे आधी मनावर घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी दोरी पेटीत घालून पेटी गरागरा फिरवली, तीही ३,४१५ वेळा. २००७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: काही सेकंदांत गाठी बसतात, आणि त्यांना १२० वेगवेगळ्या जातींच्या गाठी सापडल्या. साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ बसत नव्हती. लांबी दीड मीटरच्या आसपास गेली की निम्म्या वेळा बसत होती. इअरफोनची वायर सव्वा मीटरच्या घरात असते, म्हणजे नेमकी धोक्याच्या पट्ट्यात. वर तिला दोन कानांची दोन आणि पिनेचं एक अशी तीन टोकं. या कामाला २००८ साली भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, आणि मला ते अगदी योग्य हाती गेल्यासारखं वाटतं.

त्याच प्रयोगातून उपायही निघतो. पेटी लहान आणि दोरी ताठर असली की गाठी कमी बसत होत्या, कारण टोकाला हिंडायला जागा उरत नव्हती. म्हणून वायर मोठ्या बॅगेत मोकळी सोडू नका. चार बोटांवर गुंडाळा, टोक त्याच गुंडाळीत खोचा आणि घट्ट बसेल अशा छोट्या पाकिटात ठेवा. चपट्या वायरीही कमी गुंततात.

गुंत्यापेक्षा मला जास्त चीड येते ती पिनेजवळच्या मोडीची. पिनेतून वायर जिथे बाहेर येते तिथे ती रोज वाकते. काही महिन्यांनी आतली बारीक तार तुटते आणि एक कान बंद पडतो. पिन जरा डावीकडे दाबून धरली की आवाज येतो, सोडली की जातो. मग माणसं फोन विशिष्ट कोनात धरून, श्वास रोखून गाणी ऐकतात. बाकी इअरफोन ठणठणीत असताना दोन इंचांच्या तुकड्यापायी सगळंच कचऱ्यात जातं. काटकोनी पिन आणि तिच्या मागे लवचिक रबरी नळी असेल तर ही वेळ बरीच उशिरा येते. कानाकडची वायर सुटी होणारी असेल तर फारच उत्तम, फक्त वायर बदलायची. आणि हो, दुरुस्तीला धावण्याआधी फोनच्या भोकात टॉर्च मारून बघा. खिशातला कापूस तळाशी साचतो, पिन पूर्ण आत बसत नाही, आणि शिव्या इअरफोन खातो. फोन बंद करून लाकडी काडीने अलगद काढा.

एक चमत्कारिक घोटाळाही वायरवाल्यांच्याच वाट्याला येतो. नवा इअरफोन लावावा, वाद्यं ऐकू यावीत आणि गायक मात्र विहिरीत उतरल्यासारखा लांबून यावा. माइकचं बटण दाबून धरलं की गायक परत! कारण साधं आहे. माइकवाल्या पिनेवर चार पट्टे असतात: डावा कान, उजवा कान, ग्राउंड (सगळ्यांची सामाईक परतीची तार) आणि माइक. काही जुन्या फोनांत आणि इअरफोनांत शेवटच्या दोघांची जागा उलट होती. जोडी विजोड लागली की ग्राउंड तुटतं, दोन्ही कानांना समान असणारा आवाज, म्हणजे बहुधा गायकाचाच, एकमेकांना खाऊन टाकतो आणि उरतो फक्त फरक. बटण दाबलं की माइक आणि ग्राउंड जोडले जातात, म्हणून सगळं जागेवर येतं. नव्या फोनांत हा त्रास क्वचितच होतो, पण घरात जुनी यंत्रं असतील तर लक्षात ठेवा.

वायर दाराच्या कडीत अडकून कान उपटला जाणं, कॉलरला घासून कानात धडधड होणं, हेही आहेच. सवयीने जमून जातं.

आता ब्लूटूथ. गुंता नाही, पीळ नाही, कपाटात वाकलं तरी काही ओढलं जात नाही. पहिला आठवडा माणूस हवेत असतो. मग घोळ सुरू होतात, आणि हे घोळ डोळ्यांना दिसत नाहीत.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे आवाज भलतीकडे जाणं. फोन वाजतो, तुम्ही उचलता, हॅलो हॅलो करता, पलीकडून काहीच नाही. पलीकडचा माणूस बोलतोच आहे, फक्त तो बोलतोय बंद डबीत. डबीतल्या एका बडचा, म्हणजे कानात घालायच्या एका सुट्या बोंडाचा, चार्जिंगचा धातूचा ठिपका मळला की आपण डबीत आहोत हे त्याला कळत नाही. तो जागा राहतो, फोनला चिकटून बसतो आणि आलेला कॉल स्वतःकडे ओढून घेतो. शिवाय रात्रभर चार्ज न झाल्यामुळे सकाळी नेमका तोच कान मरतो. डबीच्या तळाचे आणि बडचे धातूचे ठिपके कोरड्या कापसाच्या काडीने पुसले की बहुतेक वेळा हे दुखणं जातं. दुसरी तऱ्हा घरातल्या घरात घडते: लॅपटॉप उघडला की कानातलं गाणं थांबतं आणि लॅपटॉपची टिंगटिंग ऐकू येते, किंवा तुम्ही लावलेला व्हिडिओ शेजारच्या खोलीतल्या स्पीकरवर सुरू होतो आणि तिथल्या माणसांना तुमची आवड कळते. एकाच वेळी दोन यंत्रांना जोडलेले राहणारे बड घेतले तर सुख आहे असं वाटतं, पण कुठलं यंत्र कधी मध्ये घुसेल ते सांगता येत नाही. माझा सल्ला: जे यंत्र रोज लागत नाही त्याच्या यादीतून हे बड सरळ काढून टाका.

दुसरी तक्रार उशिराची. ब्लूटूथचा आवाज सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा मागून येणं नेहमीचं आहे. आवाज चित्राच्या साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते जाणवू लागतं. व्हिडिओची ॲपं चित्रही तेवढंच मागे ढकलून सांभाळून घेतात. गेममध्ये किंवा फोनवर पेटी-तबल्याचं ॲप वाजवताना तसं ढकलता येत नाही. बोट आधी पडतं, सूर नंतर येतो. वाद्य वाजवणाऱ्याने या फंदात पडूच नये.

तिसरी गोष्ट बोलण्याची, आणि निर्णय करताना हिला मी सगळ्यात जास्त वजन देईन. बहुतेक बडमध्ये माइक चालू झाला की जोडणी गाण्याच्या पद्धतीवरून फोनच्या पद्धतीवर जाते आणि आवाज एकदम पातळ, एकसुरी होतो. बोलणं कळतं, पण तासभर मीटिंग ऐकल्यावर कान शिणतात. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीने यावर उपाय आणला आहे, मात्र फोन आणि बड दोघांनाही ते यायला हवं. त्यातून बडचा माइक कानाशी, तोंडापासून लांब. वाऱ्यात तुमच्याआधी वाराच बोलतो. वायरवरचा माइक हनुवटीखाली लोंबतो, स्वस्तातलाही बरा ऐकू येतो.

अधूनमधून तुटणाऱ्या आवाजाबद्दल एक उलटी गोष्ट सांगतो. खोलीत छान चालणारे बड मोकळ्या मैदानात अडखळतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि शरीरातलं पाणी त्या शोषून घेतं. खोलीत भिंतींवर आपटून लहरी वळसा घालून कानापर्यंत पोचतात. मैदानात भिंतच नाही. फोन मागच्या खिशातून वरच्या खिशात ठेवा, फरक पडेल.

हरवण्याबद्दल काय बोलावं! वायरवाला हरवला तर पूर्ण हरवतो आणि माणूस मोकळा होतो. बड हरवतो तो एकटा, आणि उरलेला दुसरा टाकवत नाही. शर्टाच्या खिशातून धुण्याच्या यंत्रात जाणाऱ्यांची तर गणतीच नको. शिवाय आतली बॅटरी इवलीशी, पन्नासेक मिलिअँपिअर-तासांची. लिथियम-आयन बॅटरी ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर साधारण पाचवा हिस्सा ताकद गमावते, आणि बड उघडून ती बदलणं जवळपास अशक्य. चांगली वायर जपली तर त्याहून कितीतरी जास्त जगते.

तर घ्यायचं काय? टेबलाशी बसून दिवसभर बोलायचं असेल, शिकवायचं असेल, संगीताचा रियाज करायचा असेल तर डोळे मिटून वायर घ्या. स्वयंपाक, झाडलोट, पळणं, व्यायाम, असं हात चालू ठेवून ऐकायचं असेल तर ब्लूटूथ. ओट्याच्या कडेला वायर अडकून फोन खाली आदळण्यापेक्षा हरवलेला बड परवडला. लहान मुलांना वायर द्या, निदान चार्ज नाही म्हणून वर्गाच्या वेळी रडारड होणार नाही.

मात्र वायर ठरवलीत तर आधी फोनला गोल भोक आहे का बघा. २०१६ च्या आयफोन ७ ने ते काढलं आणि मग अनेकांनी तोच कित्ता गिरवला. भोक नसेल तर टाइप-सीचा जोड घ्यावा लागतो, आणि इथे शेवटचा घोळ लपलेला आहे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जोडांपैकी काहींत डिजिटलचा आवाज करणारी चिप, म्हणजे ‘डॅक’, असते, काही नुसत्या तारा जोडतात. नुसत्या तारांचा जोड ठरावीक फोनांवरच चालतो, बाकीच्यांवर चकार शब्द काढत नाही. खोक्यावर ‘डॅक’ असं लिहिलेला जोड घ्या, आणि तुमच्याच फोनला लावून, कॉल करून, पैसे त्यानंतर द्या.