साताऱ्याच्या डोंगरात इलेक्ट्रिक कार: आठ महिन्यांनंतर, आणि आधी अर्थिंग

कास, पाचगणी किंवा पाटणच्या वरच्या वाड्यांवर राहणारे पहिला प्रश्न एकच विचारतात, घाट चढेल का? चढते, आणि निवांत चढते. एक पावसाळा धरून आठ महिने वापरल्यावर सांगण्यासारखं आहे ते घरच्या विजेबद्दल.

जांभ्यात आणि कातळात अर्थिंग नीट मिळत नाही. गाडीसोबतचा १५ अँपिअरचा चार्जर सुरू होण्याआधी अर्थ तपासतो, आणि तो मिळाला नाही की लाल दिवा लावून बसतो. चार्जर बिघडला म्हणून लोक तो शहरात नेतात, तिथे तो व्यवस्थित चालतो. त्याआधी घरात इस्त्री किंवा गीझर चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. दोन-तीन व्होल्ट चालतात. दहाच्या पुढे गेलं तर अर्थिंग कमजोर आहे किंवा न्यूट्रल कुठेतरी सैल आहे.

परसात माती जिथे सगळ्यात खोल असेल तिथे अर्थिंगच्या पाइपासाठी खड्डा घ्या. कोळसा-मिठापेक्षा बेंटोनाइट पावडर बरी, कारण मिठाने पाइप गंजतो. एका खड्ड्याने भागलं नाही तर पाइपाच्या लांबीइतकं तरी अंतर सोडून दुसरा खड्डा घ्या आणि दोन्ही जोडा. मार्च ते मे आठवड्यातून दोनदा पाणी घाला, नाहीतर पावसाळ्यात चालणारा चार्जर उन्हाळ्यात रुसतो. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल-अर्थ जोडून चार्जर चालू करून देतात. हे कधीही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावर करंट येतो.

मीटरपासून स्वतंत्र लाइन घ्या: चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट. साधा सॉकेट रात्रभर १२-१३ अँपिअर सोसत नाही, पिना काळ्या पडतात. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट बदला. बिलावरचा मंजूर भारही पाहा, एखादा किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या.

डीपीच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि चार्जिंग मध्येच थांबतं. रात्री ११ ते ६ लावलं तर १८ युनिटांच्या आसपास वीज घेते, बॅटरीत १६ पडतात. डोंगरात तेवढ्यावर शंभरेक किलोमीटर होतात. सातारा-कास रोज जा-ये करणाऱ्याला पुरे.

घाटाचा हिशेब सोपा आहे. दीड टनाची गाडी ६०० मीटर वर न्यायला नुसत्या उंचीपोटी अडीच युनिट लागतात, साधारण पसरणी घाट चढण्याइतके. उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो, पण बॅटरीत जागा असेल तरच. म्हणून वर राहणाऱ्यांनी रोज ८५ टक्क्यांवर थांबावं. शंभर टक्के भरून घाट उतरलात तर रीजन, म्हणजे उतारावर मोटरने गाडी रोखत वीज परत बॅटरीत भरणं, जवळजवळ मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डिझेलच्या सवयीने टाकी फुल करणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो.

पावसाळ्यात झाड पडून दोन-दोन दिवस वीज जाते. छतावरचं साधं ऑन-ग्रिड सोलर तेव्हा कामाचं नाही, कारण लाइन गेली की त्याचा इन्व्हर्टरही बंद होतो. १५० अँपिअर-तासाच्या घरगुती बॅटरीत जेमतेम १.८ युनिट असतात. उलट गाडीतून बाहेर वीज घेण्याची सोय, म्हणजे व्हीटूएल, असेल तर हिशेब असा: १०० वॅटचा भार दिवसाला अडीच युनिट खातो, म्हणजे गाडीच्या ४० युनिटांच्या बॅटरीतून राउटर, दिवे आणि पंखा कित्येक दिवस चालेल. फोरजी राउटरला १० वॅट पुरतात. उपग्रह इंटरनेटचा विचार असेल तर अँटेनासाठी ५० ते ७५ वॅट धरा, आणि वर मोकळं आकाश हवं, आंब्याच्या झाडाखाली ती चालणार नाही. व्हीटूएलची वायर फक्त एक्स्टेन्शन बोर्डला जोडा. घराच्या बोर्डात उलटी घातली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल.

गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी सांभाळा. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. जंप केबल घरात ठेवा, आणि चार्जिंगची केबल लोखंडी पेटीत. घुशी ती एका रात्रीत कुरतडतात.