लग्नाआधीची सिकलसेल टेस्ट: लॅबला ३ स्टार, काउन्सेलर मॅडमला ५

नागपुरातल्या एका प्रायव्हेट लॅबमधे मी आणि होणाऱ्या नवऱ्यानं सिकलसेलची (आई-बाबांकडून येणारा रक्ताचा आजार) टेस्ट केली, नाव लिहीत नाही. रक्त घेणारा दादा भारी, सुई टोचलेली कळली पण नाही. पार्किंग नावालाच. तिथं आधी स्वस्तातली सोल्युबिलिटी टेस्ट सुचवतात पण तिच्यात सिकलवालं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच कळतं, वाहक (एकच जीन बिघडलेला) की पेशंट (दोन्ही बिघडलेले) ते नाही कळत, म्हणून डायरेक्ट एचपीएलसीच (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी टेस्ट) सांगा, त्यात बीटा थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार) वाहक पण सापडतात.

माझा रिपोर्ट एएस आला (ए म्हणजे नॉर्मल जीन, एस म्हणजे सिकलचा), म्हणजे मी वाहक. आई म्हणे तुला तर कधी काही झालं नाही! अगं आई, एक जीन तुझ्याकडून एक बाबांकडून, त्यातला एकच बिघडलेला असला तर बहुतेकांना काही जाणवतच नाही. होणाऱ्या नवऱ्याचा एए नॉर्मल निघाला, मग मुलांना आजार नाही, फक्त वाहक व्हायचा चान्स ५० टक्के. दोघं एएस असतो तर दर गरोदरपणात २५ टक्के एसएस, म्हणजे खरा आजार. दर वेळी हं, पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन सेफ असं काही नसतं. हे सगळं मॅडमनी कागदावर चार चौकोन काढून निवांत समजावलं.

स्टार कापले कारण रिपोर्टवर मोठ्या अक्षरात नुसतं "पॉझिटिव्ह" छापलं, खाली एक ओळ पण नाही, घरी रडारड झाली ना. बाकी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी फुकट होते, आधी तिकडे विचारा.